कंपनीचा डॉक्टर नक्की कोणाचा?

कंपनीने नेमलेला डॉक्टर कामगाराला खरं सांगेल का, असं विचारलं की आपल्याकडे लोक हसतात, नाहीतर विषय बदलतात. उत्तर आपल्याला माहीतच आहे असं प्रत्येकाला वाटत असतं. पण हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाहीये, कारण ज्या जर्मनीने कामामुळे होणाऱ्या आजारांचं शास्त्र इतकं पद्धतशीर उभं केलं, विम्याचे कायदे केले, तिथेही याच प्रश्नाने लोकांचा जीव घेतलाय, आणि तो सुटायला (जेवढा सुटला तेवढा) खूप वर्षं गेली. माझं म्हणणं सरळ आहे. डॉक्टर किती हुशार आहे याने फार फरक पडत नाही, त्याची नोकरी कोणाच्या हातात आहे याने पडतो. आणि हे कळायला दोन डॉक्टरांची आयुष्यं शेजारी शेजारी ठेवून बघावीत.

पहिला लुडविग टेलेकी. जन्म 1872, व्हिएन्नाचा, म्हणजे तसा ऑस्ट्रियन, पण करिअरचा मोठा आणि महत्त्वाचा भाग जर्मनीत गेला. दुसरा अर्न्स्ट विल्हेल्म बाडर, 1892 चा, बर्लिनचा. दोघांचा विषय एकच, दोघेही त्यात उत्तम, दोघांनीही जाडजूड हँडबुकं काढली. 1933 साली एकाला घरी पाठवलं गेलं आणि दुसरा वर चढला.

टेलेकीचं नाव झालं ते काडेपेटीच्या कारखान्यांमुळे. तेव्हा काड्यांना पांढरा फॉस्फरस लावायचे, त्याची वाफ नाकातोंडात जाऊन कामगारांच्या जबड्याचं हाड कुजायचं, दात पडायचे, तोंडाला असा वास यायचा की माणूस चारचौघांत बसू शकायचा नाही. सरकारी इन्स्पेक्टरांच्या रिपोर्टात मात्र अशा केसेस अगदी थोड्या. आता कारखान्यात जाऊन मालकाला विचारलं की तुमच्याकडे किती आजारी, तर तो काय सांगणार? टेलेकी व्हिएन्नात कामगारांच्या आजारविमा मंडळांसाठी काम करायचा, त्यामुळे त्याला दुसरीकडून शिरता आलं. त्याने पेशंटच्या बाजूने केसेस शोधल्या आणि आकडा सरकारी आकड्याच्या कितीतरी पट निघाला. 1907 मध्ये त्याने हे सगळं छापलं, 1909 मध्ये ऑस्ट्रियाने पांढऱ्या फॉस्फरसवर बंदीचा कायदा केला. त्याच वर्षी तो व्हिएन्ना विद्यापीठात सामाजिक वैद्यकशास्त्राचा व्याख्याता झाला.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. मेडिकल शोध म्हणून यात नवीन काहीच नव्हतं, फॉस्फरसने जबडा कुजतो हे डॉक्टरांना कित्येक दशकं माहीत होतं. माहीत असणं आणि मोजणं यात फरक असतो, आणि मोजणाऱ्याचा पगार काडेपेटीवाल्याकडून येत नव्हता म्हणून तो मोजू शकला. विमा मंडळाचा पैसा बऱ्याच अंशी कामगारांच्याच खिशातला होता. जर्मनीत तर 1883 च्या आजारविमा कायद्यात वर्गणीचे दोन भाग कामगाराचे आणि एक भाग मालकाचा होता, आणि मंडळावरच्या जागाही त्याच हिशोबात वाटलेल्या. हे तेव्हाचा जर्मन चॅन्सेलर बिस्मार्क याने प्रेमापोटी केलं नव्हतं, समाजवाद्यांच्या पायाखालची जमीन काढून घ्यायची होती त्याला, पण झालं असं की त्या मंडळांमधून कामगारांना हिशोब, आकडे आणि डॉक्टर अशा तिन्ही गोष्टी मिळाल्या.

1921 मध्ये टेलेकी ड्यूसेलडॉर्फला आला, ऱ्हाइनलँडसारख्या तुफान औद्योगिक भागाचा सरकारी कारखाना-डॉक्टर म्हणून. हे पद म्हणजे साधारण आपल्या फॅक्टरी इन्स्पेक्टरचा वैद्यकीय जोडीदार. बव्हेरियाने 1909 मध्येच फ्रान्झ कोएल्श नावाच्या डॉक्टरला असं नेमलं होतं, ड्यूसेलडॉर्फ ज्यात होतं ते प्रशिया राज्य उशिरा जागं झालं. ड्यूसेलडॉर्फपासून जवळ झोलिंगेन आणि रेमशाइड, सुऱ्या-कात्र्या-हत्यारांची गावं. तिथले धार लावणारे कामगार पिढ्यानपिढ्या वालुकाश्माच्या चाकांसमोर वाकून बसायचे आणि चाळिशी-पन्नाशीत खोकून खोकून मरायचे. टेलेकीने आपल्या सहकाऱ्यांबरोबर त्यांच्या छातीचे एक्स-रे काढले, कामाची पद्धत तपासली आणि 1928 मध्ये त्यावर आख्खं पुस्तक काढलं. दगडातल्या सिलिकाची धूळ फुप्फुसात बसते आणि फुप्फुस घट्ट होत जातं, त्याला दारू किंवा घरची गरिबी हे कारण पुरत नाही, हे कागदावर आलं.

आता 1925 ची गोष्ट. त्या वर्षी जर्मनीने पहिल्यांदा व्यावसायिक आजारांची यादी केली, म्हणजे हे आजार झाले तर अपघातासारखीच भरपाई. यादीत 11 आजार. शिसं, फॉस्फरस, पारा, आर्सेनिक, बेंझिन आणि त्याचे भाऊबंद, कार्बन डायसल्फाइड, डांबर-काजळीने होणारा कातडीचा कॅन्सर, काच कामगारांचा मोतीबिंदू, क्ष-किरणांचे आजार, खाण कामगारांचा जंत आणि श्नेबेर्गच्या खाणीतला फुप्फुसाचा आजार. वाचताना कळतं की काहीतरी राहिलंय. सिलिकोसिस, म्हणजे तोच सिलिकाच्या धुळीचा आजार, नाही! जो आजार हजारो खाणवाल्यांना, दगडवाल्यांना, धारवाल्यांना होत होता तोच नाही. कारण उघड आहे, ज्या आजाराचे पेशंट मूठभर त्याची भरपाई स्वस्त पडते आणि ज्याचे पेशंट लाखभर त्याची महाग. 1929 मध्ये तो आला, तोही फक्त गंभीर अवस्थेतला आणि फक्त ठराविक धंद्यांसाठी. त्या ठराविक धंद्यांत धातूला धार लावणारे होते. टेलेकीच्या मेहनतीचा यात वाटा होता असं मी मानतो.

(रंगाच्या कारखान्यांचं तर अजून वाईट. लुडविग रेन नावाच्या फ्रँकफर्टच्या सर्जनने 1895 मध्येच सांगितलं होतं की फुक्सिन नावाचा रंग बनवणाऱ्या 45 कामगारांपैकी तिघांना मूत्राशयात गाठी झाल्यात. जगात जखमी हृदयाला पहिल्यांदा यशस्वी टाका घालणारा हाच माणूस, म्हणजे कोणी ऐरागैरा नव्हे. तरी तो कॅन्सर भरपाईच्या यादीत यायला 1936 उजाडलं. मधल्या 41 वर्षांत किती गेले त्याचा हिशोब करायला कोणाला वेळ होता.)

बाडरकडे येऊ. बाडर हा हॉस्पिटलचा माणूस. 1920 च्या दशकाच्या मध्यावर त्याने बर्लिनमध्ये खास व्यावसायिक आजारांसाठी हॉस्पिटलचा विभाग सुरू केला, जर्मनीतला या प्रकारचा पहिला. पाऱ्याच्या विषबाधेवर त्याचं होल्स्टाइनबरोबरचं पुस्तक 1933 चं. शिकवणारा म्हणून चांगला, निदानात पक्का. त्याच्या ज्ञानाबद्दल मला काहीच म्हणायचं नाही आणि तोच माझा मुद्दा आहे.

7 एप्रिल 1933 ला नाझी सरकारने सरकारी नोकरीतून ज्यू आणि राजकीय विरोधक काढून टाकायचा कायदा केला. टेलेकी ज्यू, वर सोशल डेमोक्रॅट. साठाव्या वर्षी नोकरी गेली. तो व्हिएन्नाला परतला, 1938 मध्ये हिटलर तिथेही पोचला, मग 1939 मध्ये अमेरिकेला जावं लागलं. तिथे पंच्याहत्तरीच्या घरात त्याने कारखाने आणि खाणींमधल्या आरोग्याचा इतिहास इंग्रजीत लिहिला, 1948 मध्ये छापून आला, 1957 मध्ये न्यूयॉर्कला वारला. बाडर नाझी पक्षात गेला. बर्लिनच्या न्यूकॉल्न भागातलं मोठं हॉस्पिटल, जिथून ज्यू डॉक्टरांना हाकलून दिलं होतं, तिथे त्याचा विभाग गेला आणि वाढला. युद्धानंतरही त्याचं फारसं काही बिघडलं नाही, पुन्हा प्राध्यापक, पुन्हा मान, 1960 च्या दशकाच्या सुरुवातीला व्यावसायिक वैद्यकाचं अनेक खंडांचं हँडबुक त्याच्याच संपादनाखाली. 1962 मध्ये तो गेला, आणि नाझी काळातल्या त्याच्या भूमिकेचा नीट अभ्यास तिथल्या व्यावसायिक वैद्यक संघटनेने इतिहासकारांकडून करून घेतला तो या शतकात.

यावर एक उत्तर नेहमी येतं की काळच तसा होता, राजकारण बाजूला ठेवा, त्यांचं शास्त्र बघा. हे मला अजिबात पटत नाही. शास्त्र बघायचं तर नीट बघू. नाझींच्या त्या बारा वर्षांत आजारांची यादी वाढली, हे खरंय. 1936 मध्ये अ‍ॅस्बेस्टॉस या तंतुमय खनिजाच्या धुळीने होणारा फुप्फुसाचा आजार म्हणजे अ‍ॅस्बेस्टोसिस यादीत आला, 1943 मध्ये अ‍ॅस्बेस्टोसिसबरोबर होणारा फुप्फुसाचा कॅन्सरही भरपाईला पात्र ठरला, जगात असं करणारा पहिला देश. कागदावर बघितलं तर कामगारांची चंगळ. त्याच वेळी कारखान्यांतले कंपनी डॉक्टर शेकड्यांवरून हजारांवर गेले आणि त्यांचं मुख्य काम काय, तर आजारी म्हणून घरी बसलेल्याला शोधून मशीनवर परत आणणं. युनियन मोडलेल्या, विमा मंडळांतले कामगारांचे निवडून आलेले प्रतिनिधी घालवलेले, हिशोब ठेवणारे टेलेकीसारखे लोक परदेशात. डॉक्टरकडे जाणं म्हणजे साहेबाकडे जाणं झालं होतं.

आणि जे गुलाम म्हणून आणले होते त्यांचं काय विचारता. एसेनला क्रुप या पोलाद आणि शस्त्रं बनवणाऱ्या कंपनीच्या कारखान्यात विल्हेल्म येगर हा 1942 पासून परदेशी मजुरांच्या छावण्यांचा मुख्य डॉक्टर होता. युद्ध संपल्यावर न्यूरेंबर्ग खटल्यासाठी त्याने शपथपत्र दिलं, त्यात लिहिलंय की लोकांना खायला पुरेसं नव्हतं, पायात धड काही नव्हतं, औषधं नव्हती, आणि आपण हे वरिष्ठांना कळवलं होतं. समजा त्याचं शब्दन् शब्द खरं धरलं. मग काय दिसतं? डॉक्टरने बघितलं, लिहिलं, वर पाठवलं आणि ते वरच राहिलं. कंपनीच्या आत कंपनीकडेच केलेल्या तक्रारीचं दुसरं काय होणार होतं.

इथे कोणी म्हणेल की टेलेकी तर सरकारी नोकर होता, मालकाचा नव्हता, तरी एका कायद्याने उडालाच की. बरोबर आहे, आणि हा आक्षेप मला सगळ्यात जड वाटतो, कारण आपल्याकडे कुठल्याही प्रश्नाचं पेटंट उत्तर असतं की सरकारी करून टाका. सरकारी केलं की डॉक्टर मालकापासून सुटतो पण मंत्र्याच्या हातात जातो. टेलेकीला व्हिएन्नात जे जमलं ते त्याच्यामागे पेशंटांचा पैसा आणि पेशंटांचे प्रतिनिधी उभे होते म्हणून. ड्यूसेलडॉर्फमध्ये त्याच्यामागे प्रशियाचं सोशल डेमोक्रॅट सरकार होतं, ते गेलं तसा तोही गेला. म्हणजे ज्याच्या छातीचा एक्स-रे निघतोय त्याच्या हातात डॉक्टरला ठेवण्याची किंवा काढण्याची थोडी तरी ताकद पाहिजे. बाकी सगळं कच्चं.

जर्मनांना हे कायद्यात लिहायला 1973 लागलं. त्या वर्षीच्या कामसुरक्षा कायद्याने प्रत्येक मालकावर कंपनी डॉक्टरची सोय करायची जबाबदारी टाकली, आणि त्यातली तीन कलमं वाचली की मागचा इतिहास कोणाच्या डोक्यात होता ते कळतं. एक म्हणजे वैद्यकीय निर्णयात डॉक्टरला कोणी हुकूम देऊ शकत नाही, तो फक्त स्वतःच्या वैद्यकीय सदसद्विवेकाला बांधील. दुसरं, डॉक्टरला नेमताना आणि काढताना कामगारांनी निवडून दिलेल्या समितीची संमती लागते. तिसरं माझं सगळ्यात आवडतं, कामगाराची सिक लीव्ह खरी की खोटी हे तपासणं कंपनी डॉक्टरचं काम नाही, असं चक्क कायद्यात लिहून टाकलंय. जे काम नाझी काळात त्याचं मुख्य काम होतं तेच नाव घेऊन काढून टाकलं.

आपली जी पोरं आयटी किंवा इंजिनिअरिंगला जर्मनीत जातात त्यांना हा कंपनी डॉक्टर भेटतो, बहुतेक वेळा स्क्रीनवर काम करतो म्हणून डोळे तपासायला. तपासणीनंतर मालकाकडे जातं ते फक्त तपासणी झाली एवढं सर्टिफिकेट, निदान जात नाही. शुगर आहे, डिप्रेशन आहे, काय आहे ते डॉक्टर आणि तुमच्यात. आपल्याकडे फाइल आधी एचआरच्या टेबलावर असते आणि मग जमलं तर माणसाच्या हातात.

जर्मनीला देवळात बसवायची गरज नाहीये. अ‍ॅस्बेस्टॉसचंच बघा. 1943 मध्ये कॅन्सर मान्य, बंदी 1993 मध्ये! पन्नास वर्षं! आणि त्यात सगळ्यात जास्त वापर युद्धानंतरच्या भरभराटीत झाला, घरं, जहाजं, ब्रेक, पाइप, सगळीकडे. त्यातले लोक आजही मरताहेत, वर्षाला हजाराच्या वर, कारण हा आजार तीस-चाळीस वर्षांनी उगवतो. आणि भरपाई मागायला गेलं की सिद्ध करायचं ओझं शेवटी आजारी माणसावर, चाळीस वर्षांपूर्वी किती धूळ खाल्ली ते दाखवा, हवेत फायबर किती गुणिले किती वर्षं काम याचा हिशोब द्या, आणि तोवर कंपनी बंद, फोरमन मेलेला, कागद रद्दीत. भरपाई देणारी विमा संस्था मालकांच्या वर्गणीवर चालते आणि तज्ज्ञ कोण हे ठरवण्यात तिचा हात असतो अशी टीका तिथलेच लोक करतात. मला ती टीका बरोबर वाटते. 1973 च्या कायद्याने कारखान्यातला डॉक्टर थोडा मोकळा केला, भरपाईच्या टेबलावरचा तेवढा नाही झाला.

आपल्याकडे अ‍ॅस्बेस्टॉसवर बंदीच नाही. सिमेंटचे पत्रे आजही कायदेशीर बनतात, त्यासाठीचा माल बाहेरून येतो, जर्मनीत जी वस्तू सूट घालून, सील करून उचलतात ती आपण गोठ्यावर घालतो आणि ड्रिलने भोकं पाडतो. सुप्रीम कोर्टाने 1995 मध्ये अ‍ॅस्बेस्टॉस कामगारांच्या केसमध्ये सांगितलं की कामगाराचं आरोग्य हा राज्यघटनेच्या कलम 21 मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे, आणि त्याचं मेडिकल रेकॉर्ड नोकरीला लागल्यापासून 40 वर्षं किंवा नोकरी सुटल्यावर 15 वर्षं, यातलं जे नंतर येईल तोपर्यंत ठेवा. उत्तम निकाल. पण रेकॉर्ड ठेवायचं कोणी? कंपनीने. कंत्राटी कामगार असेल, दर अकरा महिन्यांनी ठेकेदार बदलत असेल तर कुठल्या कंपनीने?

फॅक्टरीज अ‍ॅक्ट 1948 च्या कलम 89 मध्ये होतं की कारखान्यातल्या कामगाराला यादीतला व्यावसायिक आजार आहे असं डॉक्टरला वाटलं तर त्याने चीफ इन्स्पेक्टरला लेखी कळवायचं, नाहीतर दंड. किती? हजार रुपयांपर्यंत. आता या कायद्याच्या जागी नवा लेबर कोड आलाय, कळवायची जबाबदारी त्यातही आहे. पण दंड वाढवून हा प्रश्न सुटेल असं ज्यांना वाटतं त्यांनी स्वतःला त्या डॉक्टरच्या जागी ठेवून बघावं. एमआयडीसीत चार कंपन्यांची व्हिजिट करून तो महिना भागवतो, एका फौंड्रीतल्या पोराला सिलिकोसिस आहे असं त्याने लिहिलं तर पुढच्या महिन्यात चारही कंपन्यांत दुसरा डॉक्टर दिसेल. मग रिपोर्टवर टीबी येतो, नाहीतर जुनाट ब्राँकायटिस. टीबी पण असू शकतो, सिलिकावाल्यांना टीबी जास्त होतोच, आणि म्हणूनच तो लिहिणं इतकं सोपं असतं, खोटंही पडत नाही आणि कोणाला भरपाईही द्यावी लागत नाही. त्या डॉक्टरला मी नालायक म्हणणार नाही. त्याला एकट्याला हुतात्मा व्हायला सांगणारी व्यवस्था नालायक आहे.

लहान कारखानदार म्हणतात आम्हाला हे परवडत नाही, दहा कामगारांसाठी स्वतंत्र डॉक्टर कुठून आणू. त्यांचं खरं आहे, दहा कामगारांना आख्खा डॉक्टर लागतच नाही. जर्मनीतही लहान धंदे आपापला डॉक्टर ठेवत नाहीत, बाहेरच्या सामायिक सेवेकडून तास विकत घेतात. आपल्याकडे एका एमआयडीसीतल्या सगळ्या कारखान्यांकडून कामगारामागे ठराविक रक्कम घ्यायची, त्यातून डॉक्टरांचा एक गट ठेवायचा, नेमणूक करणाऱ्या मंडळावर निम्म्या जागा कामगारांच्या, कंत्राटी धरून, आणि रिपोर्टची पहिली कॉपी कामगाराच्या मोबाइलवर. माथाडी मंडळ आपण 1969 च्या कायद्याने उभं केलंच ना, मालकांकडून लेव्ही घेऊन, त्रिपक्षीय मंडळ करून, महाराष्ट्रातच. त्या मंडळांत आज काय काय चालतं ते मला माहीत आहे, कोणी सांगू नका. पण मालकाचा पैसा मालकाच्या हुकमाशिवाय कामगारासाठी खर्च करायची पद्धत इथे बसते, हे तरी त्यातून दिसतं. अडचण आली तर ती पैशाची येणार नाही, मंडळावरच्या त्या निम्म्या जागांची येईल, आणि भांडायचं असेल तर तिथेच भांडावं लागेल.